वच्छीचा घास

वच्छीला पाजायचं म्हणजे तिघांचं काम होतं. रामबाई भिंतीला टेकून पाय लांब करून बसे आणि नातीला दोन्ही पायांच्या मधल्या खाचेत उताणी निजवी. पुनाजी पोरीचे हात धरी. जिजा डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने तिचं नाक दाबी. श्वासासाठी तोंड उघडलं की ती पितळी बोंडल्याची चोच गालाच्या आत सरकवून कण्यांची पातळ पेज ओती. पोरगी गिळे, कारण गिळल्याशिवाय तिला श्वास घेता येत नसे. गळा हलला की जिजा नाक सोडी. मग पुन्हा दाबी.

"हात धर ना बापा नीट," रामबाई लेकाला म्हणाली. "सुटून राह्यला."

"धरला तं हाये. खायाले नाई पायजे अन् जोर कुठून आणते काजून."

"बापावर गेली."

बोंडलं रिकामं झालं. तिघेही हललेच नाहीत, कारण खरी परीक्षा पुढे असे. वच्छीचे डोळे पाण्याने भरलेले होते, पण ती रडत नव्हती. रामबाईने तिला हळूच उचलून जिजाच्या खांद्यावर दिलं. जिजाने पाठीवरून हात फिरवला आणि तेवढ्यात तिच्या मानेवरून गरम पेज खाली ओघळली. नुकतंच नेसलेलं लुगडं कमरेपर्यंत भिजलं.

"गेली सारी," पुनाजी म्हणाला आणि पागोटं उचलून बाहेर पडला.

त्या वर्षी, पंचावन्न साली, पाऊस दसऱ्यापर्यंत हटला नव्हता. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, गवत माजलं होतं. प्रभाकररावांच्या वावरात निंदायला रोज बाया लागत. पुनाजी त्यांच्याकडेच सालदार होता आणि जिजा रोजाने जाई. लुगडं पिळून, तेच नेसून, फडक्यात भाकर बांधून ती निघाली तेव्हा पाटलाच्या वाड्यावरून ऊन खाली उतरलं होतं. वावरात बायांची ओळ अर्ध्या तासापर्यंत पोहोचली होती. तास म्हणजे दोन ओळींमधला पट्टा. गुडघ्याइतक्या चिखलात त्या वाकून विळ्याने गवत कापत होत्या.

प्रभाकरराव वावराच्या कडेला धुऱ्यावर छत्री टेकून उभे होते. त्यांनी आवाज चढवला नाही.

"पुनाजीची बायको ना तू? ऊन कुठं आलं पाय."

"पोट्टीले पाजत होती, मालक."

"रोजच पाजते. आज राहू दे. उद्या येजो, लवकर आलीस तं."

जिजा तिथेच उभी राहिली. ओळीतून कुणी मान वर केली नाही. फक्त शकुबाई, जिचं घर जिजाच्या घराला लागून होतं, चिखलाचा हात कपाळाला लावून ऊन अडवत म्हणाली, "पाजते पाजते म्हणते, अन् पोट्टी तं दिसते वायलेल्या शेंगीसारखी. आमी का पोट्टे वाढवले नाई?"

दोन-तीन बाया हसल्या. जिजा आली त्या वाटेने परत गेली. चिखलात तिची येतानाची पावलं अजून भरलेली नव्हती.

वच्छी आधी खात असे. दीड वर्षाची होती तेव्हा आजीच्या ताटातला भाकरीचा पापुद्रा ओढून न्यायची. चैत्रात गावात गोवर आला. तिच्या अंगावर पुरळ उठलं, तसे तोंडात, जिभेवर आणि गालाच्या आतही फोड आले. काहीही तोंडात गेलं की ती किंचाळे. ताप उतरला, पुरळ मावळलं, फोडही बरे झाले. पण दुखण्याच्या दिवसांत मिटलेलं तोंड उघडलं नाही. तेव्हा रामबाईने उतरंडीतून बोंडलं काढलं. पुनाजीलाही तिने असंच वाढवलं होतं. गावातल्या निम्म्या घरांत पोरं अशीच वाढली होती आणि बहुतेक जगली होती.

पण वच्छी दिवसेंदिवस जास्तच मिटत गेली. बोंडलं विसळल्याचा आवाज झाला की ती उतरंडीच्या मागे जाऊन बसे. पुढे पुढे नुसती चूल पेटली तरी जाऊ लागली. रात्री आईच्या अंगावर पिई, दिवसा हाताने वाटी उचलून पाणी पिई. बाकी काही नाही. तिच्या दंडाला जिजाच्या अंगठ्याचा आणि बोटाचा विळखा सहज बसे, वर जागा उरे.

निंदणावरून परत पाठवलं त्या आठवड्यात जिजाने हट्ट धरला आणि बाजाराच्या दिवशी तिघे पोरीला घेऊन तळेगावला गेले. तिथे बाजारामागच्या खोलीत आर्वीहून मोटारीने नर्सबाई येत. शोभाबाई त्यांचं नाव. पांढरं लुगडं, पायात कातडी चपला, वय फार नाही. खोलीसमोर बायांची रांग होती. वच्छीला बघून शोभाबाईंनी वजनाच्या काट्याला लावलेल्या झोळीत तिला ठेवलं, काटा पाहिला आणि विचारलं, "घरी कशी पाजता?"

"बोंडल्यानं," जिजा म्हणाली.

"दाखवा. सोबत आहे का?"

रामबाई लगेच भिंतीला टेकून बसली. एवढ्या लोकांत आपली रीत दाखवायला मिळते आहे याचा तिला थोडा अभिमानच वाटत होता. तिने पाय लांब केले, पुनाजीने हात धरले, जिजाने नाक दाबलं. बोंडल्यात पाणी होतं. एक घोट आत गेला आणि शोभाबाईंनी जिजाच्या मनगटावर हात ठेवला.

"बस. सोडा."

"अजून तं कायच नाई गेलं," रामबाई म्हणाली.

"आजी, सोडा म्हणते ना."

सोडल्याबरोबर वच्छी सरपटत दाराकडे गेली आणि चौकटीला धरून बाहेर तोंड करून उभी राहिली. शोभाबाईंनी तिला बोलावलं नाही. त्या जमिनीवर बसल्या आणि जिजाला एकेक विचारत गेल्या. अंगावर पिते का? पाणी स्वतः पिते का? पाणी पिताना ठसका लागतो? लघवी किती वेळा होते? माती खाते का? प्रत्येक उत्तरावर त्या थोडं थांबत, जणू ते जुन्या उत्तराशेजारी ठेवून पाहत.

"तिच्या गळ्यात काही बिघाड नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "पाणी सरळ उतरतं. तिला भीती बसली आहे. तुमच्या हाताची."

जिजाला आधी वाटलं, त्या रामबाईला म्हणत आहेत. मग कळलं.

"मी माय हाओ तिची, बाई. माह्या हाताची काय भीती?"

"घास तुम्ही भरवता म्हणून तुमची. शेजारीण भरवत असती तर शेजारणीची बसली असती."

त्यांनी काय करायचं ते सांगितलं. बोंडलं बंद. नाकाला, हनुवटीला, डोक्याला हात लावायचा नाही. सगळे जेवायला बसले की तिलाही शेजारी बसवायची, तिच्यापुढे वेगळी ताटली ठेवायची, त्यात तेच अन्न थोडंसं ठेवायचं. आपण जेवायचं. तिच्याकडे बघत बसायचं नाही. तिने हात घातला तर घालू द्यायचा, सांडलं तर सांडू द्यायचं, फासलं तर फासू द्यायचं. आपलं जेवण झालं की तिची ताटली उचलायची. खाल्लं असो की नसो, एक शब्द बोलायचा नाही.

"अन् नाई खाल्लं तं?" पुनाजीने विचारलं.

"तरी उचलायची."

"उपाशी?"

"अंगावर पाजा. दिवसा कामावर न्या हिला, तिथेही पाजा. पुढच्या जेवणाला पुन्हा ताटली."

"बाई, हे तं पोट्टी मारायचं काम हाये," रामबाई म्हणाली.

"पुढच्या बाजाराला आणा. काटा खाली गेला तर मला शिव्या द्या, इथेच, सगळ्यांसमोर."

"देईन मी. मले लय येते शिव्या."

रांगेतल्या बाया हसल्या. शोभाबाईही हसल्या. पण जिजा उठायला लागली तेव्हा त्यांनी तिला थांबवलं. "आणखी एक. तिने खाल्लं तरी शाबासकी नाही. मुका नाही, टाळी नाही. काही झालंच नाही असं दाखवायचं. जमेल?"

जिजाने मान हलवली. ते तिला सगळ्यात सोपं वाटलं होतं.

घरी पहिल्या जेवणाला वच्छी उतरंडीमागून निघालीच नाही. दुसऱ्या दिवशी निघाली, पण ताटली दिसताच परत गेली. रामबाईच्या डोळ्यांदेखत वरणभाकर उचलली जाई आणि बकरीपुढे जाई. ती बकरीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोले. "खा व बाई, तू खा. तुह्यासाठीच नर्स आणली आमी." पुनाजी जेवताना पाटावर सारखा हले. एकदा त्याने हात पुढे केलाच होता. जिजाने नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने तो हात आपल्याच भाकरीवर आणला.

निंदणाला वच्छी आईबरोबर येऊ लागली. धुऱ्यावरच्या बोरीखाली जिजा तिला बसवी आणि तास संपला की येऊन पाजी. पाजवणीची ओढाताण संपल्याने आता उशीर होत नसे. प्रभाकरराव पोरीकडे बघत, काही म्हणत नसत.

मग एका संध्याकाळी वच्छी ताटलीपाशी बसून राहिली. तिने एक बोट वरणात बुडवलं आणि ते जमिनीवर ओढलं. ओली रेघ उठली. तिने दुसरी ओढली. जिजा भाकर चावत राहिली. त्या दिवशी रेघांपलीकडे काही झालं नाही. पुढे पूर्ण पंजा वरणात जाऊ लागला. मग पंजा आजीच्या लुगड्याला पुसण्याऐवजी एकदा ओठांना लागला. जीभ बाहेर आली, परत गेली. वच्छीने चेहरा वाकडा केला आणि पुन्हा पंजा बुडवला.

"मीठ लागलं तिले," रामबाई कुजबुजली.

"चूप ना माय," पुनाजी ओठ न हलवता म्हणाला.

पुढच्या बाजाराला काटा खाली गेला नव्हता. वरही गेला नव्हता. रामबाईने शिव्या दिल्या नाहीत, पण शोभाबाईंना मेथीची जुडी दिली. दिवाळी आली तेव्हा वच्छी वरणात भिजलेला भाकरीचा तुकडा तोंडात धरून चोखत असे. कधी थुंके, कधी गिळे. आणि एकदा तिने आपली ताटली सोडून जिजाच्या ताटात हात घातला, जिजाच्या बोटांशेजारून तुकडा उचलला. त्या बोटांना तिची बोटं लागली. जिजाने हात काढला नाही आणि हलवलाही नाही. जेवण झाल्यावर ती बाहेर बकरीपाशी गेली आणि तिच्या मानेवर कपाळ टेकून थोडा वेळ बसली.

कार्तिकात बोंडं फुटली. उशिरा आणि एकदम. सारं वावर पांढरं झालं आणि वेचणीची घाई सुटली. पहिल्या वेचणीच्या दिवशी सीतादही असे. मालकाच्या घरून दहीभात येई. वेचणाऱ्या बाया धुऱ्याजवळ जागा सारवून दगड मांडत, हळदकुंकू लावत, आणि दह्याभातासारखा पांढरा कापूस येऊ दे म्हणून भात पऱ्हाटीवर शिंपून मग पहिलं बोंड वेचत. त्या दिवशी म्हाताऱ्याही येत. रामबाई आली. वच्छीही आली.

मालकीणबाईंनी पितळी डबा भरून भात पाठवला होता. त्याला दह्याचा आणि जिऱ्याचा वास येत होता. पळसाच्या पानावर वाढून ते पान दगडांपुढे ठेवलं. बाया ओंजळीत भात घेऊन पऱ्हाटीत शिरल्या. एकीने गाणं धरलं, दुसऱ्या मागून म्हणू लागल्या. जिजाही गेली. मागे वळून पाहिलं तर वच्छी पानापाशी उकिडवी बसली होती आणि तिचा हात भातात होता.

तो हात तोंडाकडे गेला. तोंड उघडलं. कुणी उघडायला लावलं नव्हतं. गाल हलले. घास खाली गेला आणि हात पुन्हा भातात गेला.

"अवं थांब, देवीचं हाये ते!" शकुबाई ओरडली.

"खाऊ दे," रामबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तिच्या तोंडानं देवीच जेवून राह्यली."

गाणं थांबलं. बाया पऱ्हाटीतून बाहेर आल्या आणि पोरीभोवती गोळा झाल्या. "पाय व, खाते!" "वायलेली शेंग खाते व!" "आता लागली पोटात आग." वच्छीने वर पाहिलं. तिच्याभोवती लुगड्यांचा गोल झाला होता. तिची बोटं तोंडातच राहिली.

आता काय करायचं ते जिजाला ठाऊक होतं. चला, कामाले लागा, एवढं म्हणायचं होतं. बाया पांगल्या असत्या, पोरीने हात पुन्हा भातात घातला असता. शब्द तिच्या तोंडाशी आलेही होते. पण पाच-सहा महिने ज्यांच्या समोर ती मान खाली घालून वाकली होती त्या सगळ्या तिच्याभोवती उभ्या होत्या आणि तिच्या पोरीकडे कौतुकाने बघत होत्या.

"आपल्या हातानं खाल्लं, त्याचं काय नवल," शकुबाई म्हणाली. "कोंबडीई खाते. मायच्या हातचा घे म्हना एक. घेते का पाहू, जिजे."

"घेते ना," जिजा म्हणाली. "काऊन नाई घेईन?"

तिने पानावरच्या भाताचा घास केला, मोठा नाही, आणि पोरीपुढे धरला. वच्छीने मान फिरवली. बाया वाट बघत होत्या. कुणीतरी जिभेने चुक् केलं. जिजाने घास दुसऱ्या बाजूने नेला. मान तिकडून फिरली.

"राहू दे, राहू दे," रामबाई म्हणाली.

जिजाचा डावा हात वर गेला. तिने तो नेला असं तिला वाटलं नाही; पाणी भरताना घागर कमरेवर जाते तसा तो गेला. अंगठा आणि बोट नाकाशी बसले. तोंड उघडलं. घास आत गेला.

"गेला, गेला!" कुणीतरी म्हणालं.

पेज आणि भात यांत फरक असतो. वच्छीने श्वास ओढला आणि भात श्वासाबरोबर गेला. ती खोकली नाही. तिचं तोंड उघडं राहिलं, आवाज आला नाही, ओठांचा रंग जांभळट झाला. रामबाईने जिजाला बाजूला लोटलं, पोरीला मांडीवर पालथी घातली आणि पाठीत थापट्या मारल्या. दुसऱ्या की तिसऱ्या थापटीला भाताची शितं नाकातोंडातून बाहेर पडली, दही पडलं, आणि मग तो लांब, घोगरा श्वास आला. त्यानंतर रडणं.

शकुबाई कमरेची ओटी उगाच पुन्हा बांधू लागली.

धुऱ्यावरून प्रभाकररावांचा आवाज आला. "झालं का देवीचं? ऊन चढलं."

एकेक बाई तासाला लागली. रामबाई वच्छीला घेऊन घरी गेली. जिजाही वेचू लागली, कारण घरी जाऊन काय करायचं ते तिला सुचलं नाही. उशिरा फुटलेल्या बोंडांच्या वाळक्या पाकळ्या टोकदार होत्या. नखांच्या मुळाशी त्या रुतत होत्या. पहिल्या ओटीतल्या कापसाला तिच्या बोटांचं रक्त लागलं तेव्हा तोलणाऱ्याने तो बाजूला काढायला लावला.

वच्छीला ताप आला आणि छातीत घरघर झाली. तिला तळेगावला नेली, तिथून शोभाबाईंनी मोटारीत बसवून आर्वीच्या दवाखान्यात पाठवली. ती बरी झाली. परत आल्यावर पहिल्याच रात्री जिजाने तिला कुशीत घेतलं, तेव्हा तिने तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या रात्री पुन्हा तसंच. जिजाची छाती दगडासारखी घट्ट झाली, लुगड्याला हात लागला तरी कळ येई. वेचता वेचता ती पऱ्हाटीच्या आडोशाला बसे आणि दूध जमिनीवर पिळून टाकी. काळ्या मातीत ते क्षणात जिरून जाई. हळूहळू ते आटलं.

रामबाई तिला बोलली नाही. "म्या तं तिले पायात धरत होती इतके दिवस," एवढंच म्हणाली. "तुले कोन्या तोंडानं बोलू?" ती बोलली असती तर जिजाला बरं वाटलं असतं.

शोभाबाईंना जिजाने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. सीतादहीचं, शकुबाईचं, आणि आपण काय म्हणालो तेही.

"चुकलं माझंही," शोभाबाई म्हणाल्या. "खात नाही तेव्हाचं सारं सांगितलं तुम्हाला. खायला लागली की किती अवघड जाईल ते नाही सांगितलं."

"आता काय करू, बाई?"

"आता तुम्ही समोर बसू नका."

"किती दिवस?"

"ते मला सांगता येणार नाही. आजी बसतील. तुम्ही दिसलात की ती हाताकडे बघते. दिसू नका."

तेव्हापासून ताटलीपाशी रामबाई बसे. तिला पुढचे दात नव्हते. ती वरणात भाकर कुस्करून ओठांनी मचमच आवाज करत खाई, आणि वच्छीला त्या आवाजाची गंमत वाटे. अंगावरचं सुटलं होतं म्हणून बकरीचं दूध वाटीत ठेवत. ते ती आधी पिऊ लागली. मग आजीच्या ताटातला कुस्करा बोटाने उचलू लागली. अंगणात लाकडं फोडत असलेल्या जिजाला आतून दोन तोंडांची मचमच ऐकू येई. ती दाराशी आली की एक मचमच थांबे.

एकदा ती विसरून आत शिरली. हातात पाण्याचा तांब्या होता. वच्छीच्या तोंडात घास होता. तिने तो गिळला नाही, थुंकला नाही. जिजाच्या हाताकडे बघत गालात तसाच धरून ठेवला. जिजा उलट्या पावलांनी बाहेर गेली.

हिवाळाभर ती बाहेर जेवली. पुढे शोभाबाई म्हणाल्या, आता उंबऱ्यात बसा, पण पाठ आत करून. जिजा दाराच्या उंबऱ्यात अंगणाकडे तोंड करून बसू लागली. पुनाजी बाहेर ओट्यावर बसे, दोघं एकमेकांकडे बघत जेवत. सुरुवातीला आत सारं थांबे. मग थांबेनासं झालं.

फाल्गुनात शेवटची वेचणी झाली. फरदडीचा कापूस, थोडा आणि किडका. वच्छी धुऱ्यावर ढेकळं फोडत होती. तिच्या दंडाला आता मांस धरलं होतं, पोटऱ्या भरल्या होत्या. शकुबाईने तिचा गाल धरला आणि ओढला.

"भरली व पोट्टी. पाय कशी टुमटुमीत झाली. जिजे, तुह्या हातचं खाते ना आता?"

"हाव," जिजा म्हणाली.

"मी म्हनत नोती? मायच्या हाताले असते ते."

जिजा पुढच्या झाडाकडे वळली आणि तिने एका बोंडातली उरलेली पाकळी कापसासकट ओढून काढली.

त्या संध्याकाळी ती उंबऱ्यात बसून जेवत होती. समोर ओट्यावर पुनाजी होता. आत रामबाईची मचमच चालली होती, तिच्याबरोबर दुसरी. दुसरी थांबली. जमिनीवर छोट्या पावलांचा आवाज आला. जिजाने भाकर मोडायला घेतली होती; ती तशीच धरून ठेवली. पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, काहीतरी ओलं लागलं. पाच बोटं तिच्या लुगड्यावर वरून खाली ओढली गेली. वरणाचा वास आला. मग त्याच जागी पुन्हा, दुसऱ्या हाताची.

"हात पुसून राह्यली," आतून रामबाई अगदी हळू म्हणाली. "वळू नको मा."

जिजा वळली नाही. पावलं परत गेली. थोड्या वेळाने दुसरी मचमच सुरू झाली. लुगडं ओलं झालं होतं तिथे वारा लागून गार वाटत होतं.

"काऊन थांबली?" पुनाजीने विचारलं. "जेव ना."

"जेवते," ती म्हणाली आणि तिने भाकर मोडली.